फेंडर रंबल ५०० : खर्जातला स्वर ओळखू यावा म्हणून

तालमीचे ध्वनिमुद्रण ऐकताना आमच्या ड्रमवादकाने ते मध्येच थांबवले आणि विचारले, "इथे तू नक्की कोणता स्वर वाजवते आहेस?" मला सांगता आले नाही. बेस गिटार वाजते आहे एवढे कळत होते, किक ड्रमच्या प्रत्येक ठोक्यामागे एक जाडसर घुमारा उमटत होता, पण त्या घुमाऱ्यातून ई कुठे संपला आणि एफ शार्प कुठे लागला हे कानांना वेगळे काढता येत नव्हते. तारा नव्या होत्या, बोटे चुकत नव्हती आणि तीच बेस हेडफोनवर ऐकली की प्रत्येक स्वर स्वच्छ लागत होता. संशय उरला तो एकाच वस्तूवर, म्हणजे पंधरा इंची स्पीकर असलेल्या माझ्या जुन्या ३०० वॅटच्या कॉम्बोवर (आवाज वाढवणारा अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत), जो उचलायला दोन माणसे लागत आणि उचलून नेल्यावर ऐकायला मिळे तो हा चिखल. नवा अ‍ॅम्प घ्यायचा ठरले, त्यात जवळपास दोन महिने गेले आणि शेवटी फेंडरचा रंबल ५०० हा कॉम्बो घेतला. त्याविषयी लिहिण्याआधी तो कसा निवडला हे सांगणे भाग आहे, कारण या खरेदीत चुकायचे असते ते निवडतानाच, आणि मीही पहिल्या फेरीत चुकलेच होते.

पहिली चूक वॅटच्या आकड्याची. जुना ३०० वॅटचा पुरत नाही, तेव्हा ५०० वॅटचा घ्यावा, हा सरळ हिशेब मनात होता. डेसिबलचा हिशेब मात्र असा सरळ चालत नाही. ताकद दुप्पट केली की ध्वनीची पातळी जेमतेम ३ डेसिबलने वाढते, आणि आवाज दुप्पट मोठा झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. ३०० वरून ५०० वॅटवर गेल्याने मिळणारी वाढ २.२ डेसिबलची. बारकाईने कान दिला तर कळेल, गाण्याच्या गर्दीत कळणारही नाही. याउलट एका स्पीकरची संवेदनक्षमता, म्हणजे तेवढ्याच ताकदीत तो किती मोठा वाजतो ते, दुसऱ्यापेक्षा ३ डेसिबलने जास्त असेल, तर तेवढ्यानेच दुप्पट वॅट विकत घेतल्याचा परिणाम मिळतो, आणि तो आकडा मात्र जाहिरातीत कुठेतरी तळाशी बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच.

तरीही बेसला वॅट लागतात हे खरे, आणि का लागतात हे समजले की बाकीच्या गोष्टी आपोआप उलगडतात. मोकळी ई तार सेकंदाला ४१.२ वेळा कंप पावते. पाच तारांच्या बेसवरची बी तार ३०.९ वर उतरते. इतक्या खालच्या स्वरांना माणसाचा कान फारसा दाद देत नाही. ध्वनीचे अभ्यासक फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या समान-तीव्रतेच्या वक्ररेषा नेमके हेच दाखवतात, की मधल्या सप्तकातल्या स्वराइतकाच मोठा भासायला खर्जातल्या स्वराला कितीतरी अधिक ध्वनिदाब लागतो. म्हणून गिटारवादकाचे काम तीस वॅटच्या ट्यूब अ‍ॅम्पवर (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या) झकास चालते आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या बेसवादकाला काही शे वॅट घेऊन यावे लागते. हा पेच वाद्याइतकाच जुना आहे. लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस ही बेस गिटार १९५१ साली आणली आणि तिच्यासाठी बेसमन हा अ‍ॅम्प १९५२ साली काढला. गंमत अशी की त्याच बेसमनच्या चार दहा इंची स्पीकरांच्या पुढच्या आवृत्तीवर हक्क सांगितला तो गिटारवादकांनी, आणि मार्शल कंपनीच्या पहिल्या अ‍ॅम्पचा आराखडाही तिच्यावरूनच बेतला गेला. बेसवाले पुन्हा होते तिथेच. मोठ्या रंगमंचावर पुरून उरेल असा बेस अ‍ॅम्प म्हणून ज्याचे नाव झाले तो अ‍ॅम्पेगचा एसव्हीटी १९६९ साली आला, ३०० वॅट आणि चौदा ट्यूब घेऊन.

वजनाचा प्रश्न मात्र अलीकडे खरोखर सुटला आहे. जुन्या अ‍ॅम्पमधले वजन मुख्यतः लोखंडी गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरचे आणि स्पीकरच्या फेराइट चुंबकाचे असे. आता ताकदीचा भाग क्लास डी पद्धतीचा असतो, ज्यात ट्रान्झिस्टर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद एवढ्या दोनच अवस्थांत अतिशय वेगाने उघडमीट करतात आणि त्यामुळे उष्णतेत फार थोडी वीज वाया जाते. सोबत स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा आला की ५०० वॅटचे हेड, म्हणजे स्पीकरशिवायचा सुटा अ‍ॅम्प, खांद्यावरच्या पिशवीत मावते. पेटीच्या बाबतीत मात्र निसर्गाने सूट दिलेली नाही. स्पीकर बनवणारे ज्याला हॉफमनचा नियम म्हणतात तो सांगतो की लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या ताकदीत मोठा आवाज या तिन्हींपैकी एका वेळी दोनच गोष्टी हाती लागतात. एखादी चिमुकली पेटी तिन्हींचे आश्वासन देत असेल, तर त्यातले एक खोटे आहे असे धरून चालावे.

दुकानात जाताना मी माझी बेस आणि माझी केबल घेऊन गेले. दुकानातल्या वाद्यावर अ‍ॅम्प पारखणे म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्यातून वाचणे आहे. त्यातून दुकानातल्या बेसमध्ये बॅटरीवर चालणारा सक्रिय प्रीअ‍ॅम्प (वाद्यातच आवाज वाढवणारा भाग) असेल आणि आपल्या बेसमध्ये नसेल, तर तुलनेला काही अर्थच उरत नाही. चार अ‍ॅम्प निवडून ठेवले होते. प्रत्येकावर आधी सगळे नॉब मधोमध ठेवले, आणि प्रत्येकाचा आवाज एकाच पातळीवर आणला, कारण दोन अ‍ॅम्पपैकी जो थोडा मोठा वाजतो तोच कानाला नेहमी अधिक चांगला वाटतो, आणि या मोहातून अनुभवी कानही सुटत नाहीत. पातळी मोजायला फोनवरचे साधे मापक घेतले होते. त्यात एक खोच आहे. ही मापके बहुधा ए प्रकारच्या भारणीवर (कानाच्या संवेदनेनुसार कंप्रतांना कमीअधिक धरण्याच्या पद्धतीवर) लावलेली असतात, आणि त्या भारणीत ४० हर्ट्झचा आवाज सुमारे ३५ डेसिबलने कमी धरला जातो, म्हणजे बेससाठी ते मापक जवळजवळ बहिरे असते. ते खर्ज फारसा न कापणाऱ्या सी भारणीवर आणले की आकड्यांवर थोडाफार विश्वास ठेवता येतो.

पहिला अ‍ॅम्प होता बारा इंची स्पीकरचा एक छोटा कॉम्बो, ज्याचे नाव इथे घेत नाही. पहिल्या पाच मिनिटांत मी त्याच्या प्रेमात पडले. खाली गुबगुबीत खर्ज, वर काचेसारखी स्वच्छ किणकिण, आणि अंगठ्याने तारेवर स्लॅप, म्हणजे ठोका, मारला की आजूबाजूची माणसे वळून बघतील असा झणका. ज्याला सगळे "हसरा ईक्यू" म्हणतात, म्हणजे खर्ज आणि वरचे स्वर ही दोन्ही टोके वर आणि मध्य खाली, तो या अ‍ॅम्पच्या मूळ स्वभावातच होता. मग आवाज वाढवला आणि खालच्या ई तारेवर जोर दिला, तेव्हा पेटीच्या मागच्या पोर्टमधून (हवेसाठी ठेवलेल्या भोकातून) हवेचा फुसफुसाट ऐकू येऊ लागला आणि स्वराची कड मोडली. पोर्ट असलेली पेटी ज्या कंप्रतेला जुळवलेली असते तिच्याखाली स्पीकरच्या कोनला हवेचा आधार उरत नाही, तो नुसता पुढेमागे डोलत राहतो आणि त्या डोलण्यातून कामाचा आवाज फारसा निघत नाही. तरी मी तो घेतलाच असता, इतका त्याचा एकट्याने वाजतानाचा आवाज गोड होता. सुदैवाने त्या दिवशी ड्रमवादक सोबत होता आणि त्याने दुकानातल्या ड्रमवर बसून साधा ठेका धरला. त्याबरोबर माझी बेस दिसेनाशी झाली. हात चालत होते, हवा हलत होती आणि स्वर नव्हता. ध्वनिमुद्रणात ऐकलेला चिखल तो हाच.

कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. स्वर ओळखण्यासाठी कानाला मूळ कंपनापेक्षा त्याच्या वरच्या पटींचा आधार अधिक लागतो. ४१ हर्ट्झच्या ई स्वराचे ८२, १२४, १६५ हर्ट्झ असे थर आणि त्यावर बोट तारेला भिडतानाचा काही शे हर्ट्झचा आघात, एवढ्यावरून मेंदू खालचा ई स्वतः रचून घेतो, मूळ कंपन स्पीकरमधून नीटसे आले नाही तरी. किक ड्रमचे धड साधारण ६० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात असते, झांजा वरची जागा व्यापून टाकतात, आणि बेसला स्वतःची म्हणावी अशी जागा उरते ती मधल्या पट्ट्यात. तो मध्यच काढून टाकला तर उरलेली दोन्ही टोके ड्रमच्या पोटात जातात. एकट्याने वाजवताना जो मध्य नाकात बोलल्यासारखा, किंचित कुरूप वाटतो, तोच बँडमध्ये बेसचा चेहरा असतो.

दुसरा पर्याय ट्यूब हेड आणि आठ दहा इंची स्पीकरांच्या कपाटाएवढ्या पेटीचा. त्याच्याबद्दल एवढेच लिहिते की आवाज ऐकून मला खुर्चीवर बसावेसे वाटले, आणि एकटे हेड पस्तीस किलोंच्या वर आहे हे कळल्यावर मी खरोखरच बसले. तिसरा होता क्लास डी हेड आणि दोन बारा इंची स्पीकरांची वेगळी पेटी. कागदावर सर्वांत शहाणा पर्याय हाच, कारण पुढे नुसते हेड किंवा नुसती पेटी बदलता येते. आवाजही नेमका आणि निर्मळ होता. त्या विशिष्ट हेडचा पंखा मात्र अ‍ॅम्प चालू केल्यापासून बंद करेपर्यंत एकसारखा घरघरत होता. रंगमंचावर तो कोणाला ऐकू येणार नाही, पण मी रोज दीड तास घरी हळू आवाजात सराव करते आणि माझ्यासाठी तो निकाल तिथेच लागला. अ‍ॅम्प पारखताना वाजवणे थांबवून दोन मिनिटे नुसते गप्प बसावे, हे मला या हेडने शिकवले.

चारही अ‍ॅम्पवर एक गोष्ट समान आढळली आणि तिने मला बराच वेळ चकवले. ई तारेवर एकेक पट्टी चढत गेले की ए स्वरावर आवाज अचानक फुगायचा आणि पुढच्या स्वराला पुन्हा खाली बसायचा. चार वेगवेगळ्या अ‍ॅम्पमध्ये एकच दोष असण्याची शक्यता नव्हती. ए म्हणजे ५५ हर्ट्झ, त्याची तरंगलांबी सुमारे ६.२ मीटर, आणि त्या खोलीची रुंदी तीन मीटरच्या किंचित वर होती. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये त्या स्वराची बरोबर अर्धी लाट मावत होती आणि खोलीच त्या स्वराला साथ देत होती. खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिले तेव्हा फुगवटा बराचसा विरला. अ‍ॅम्प कोपऱ्यातून काढून मोकळ्यावर आणून वाजवला नाही, तर आपण खोलीची परीक्षा घेतो आणि गुण अ‍ॅम्पला देतो.

रंबल ५०० वर मी सर्वांत शेवटी आले, आणि खरे सांगायचे तर फारशी अपेक्षा न ठेवता. २०१४ साली नव्याने घडवलेल्या मालिकेतला हा तेव्हाचा सर्वांत मोठा कॉम्बो. दोन दहा इंची एमिनन्स स्पीकर, वरच्या स्वरांसाठी एक हॉर्न, क्लास डी ताकद आणि वजन १६.६ किलो. वजनाचा आकडा वाचून खात्री पटत नव्हती, म्हणून एका हाताने उचलला आणि तो उचलला गेला. पुढच्या पट्टीवर गेनजवळ (आत येणाऱ्या आवाजाची पातळी ठरवणाऱ्या नॉबजवळ) ब्राइट, कॉन्टूर आणि व्हिंटेज अशी तीन बटणे, मग ओव्हरड्राइव्हचे, म्हणजे आवाज मुद्दाम फाडण्याचे, बटण आणि त्याचे ड्राइव्ह व लेव्हल हे दोन नॉब, पुढे बेस, लो-मिड, हाय-मिड व ट्रेबल, आणि शेवटी एकूण आवाजाचा मास्टर. मध्याचे दोन तुकडे करून दोन वेगळे नॉब दिलेले आहेत, ही माझ्या दृष्टीने या पट्टीवरची सर्वांत मोलाची गोष्ट. एकच मिड नॉब असतो तेव्हा अंग भरायला गेले की नाक वाढते आणि नाक कापायला गेले की अंग जाते.

सगळी बटणे बंद ठेवून, सगळे नॉब मधोमध ठेवून वाजवला, तेव्हा आवाज अगदी साधा वाटला. पहिल्या अ‍ॅम्पने घातली तशी भुरळ इथे नव्हती. मग ड्रमवादक पुन्हा ठेक्याला बसला आणि पहिल्या आवर्तनातच फरक कळला. किकचा ठोका आणि माझा स्वर एकाच समेवर पडत होते आणि तरीही दोन वेगळ्या वस्तू म्हणून ऐकू येत होते. त्यानंतर कॉन्टूरचे बटण दाबून पाहिले. ते मध्य खाली ओढते आणि टोके उचलते, म्हणजे पहिल्या अ‍ॅम्पचा तो गोड हसरा आवाज इथे एका बटणात ठेवलेला आहे. एकट्याने वाजवताना छान वाटले, ठेक्यात पुन्हा बेस विरघळली, बटण काढले आणि ती परत आली. एकाच अ‍ॅम्पवर, एकाच ठेक्यात, एका बटणाने ही तुलना करता आली, आणि पंधरवडाभर वाचून जे पटत नव्हते ते दहा सेकंदांत पटले.

व्हिंटेज बटणाने आवाज गोल होतो, कडा थोड्या बोथट होतात आणि जुन्या ट्यूब अ‍ॅम्पची आठवण यावी अशी ऊब येते. नव्या तारा चढवल्या की पहिले आठवडाभर मी ते चालू ठेवते, तारा जुन्या झाल्या की बंद. ओव्हरड्राइव्हच्या बाबतीत मी थोडी साशंक होते, कारण बेसचा आवाज फाडला की खर्ज आधी निघून जातो, हे पुष्कळ वेळा पाहिले आहे. इथे ड्राइव्ह अगदी थोडा, घड्याळाच्या काट्याच्या नऊच्या आसपास ठेवला, तर आवाज फाटलेला वाटत नाही आणि जोरात छेडलेल्या स्वरांना तेवढ्यापुरती एक खरखर येते, जी गिटारच्या गर्दीत स्वराला वर काढते. बाराच्या पुढे नेलेला ड्राइव्ह माझ्या कामाचा नाही. प्लेक्ट्रमने (तारा छेडायच्या चकतीने) वाजवणाऱ्या आणि जड संगीत करणाऱ्या मित्राला मात्र तोच भाग सर्वांत आवडला.

हॉर्न मागच्या बाजूच्या स्विचने बंद करता येतो. बोटांनी वाजवताना मी तो बंदच ठेवते. त्याने बोटे तारेवरून सरकण्याची किरकिर जाते आणि स्वराचे काही बिघडत नाही. स्लॅप वाजवायचा तर चालू करावाच लागतो, नाहीतर झणका अर्धा राहतो. हेडफोनची आणि बाहेरून गाणे सोडायची सोय आहे, आणि मिक्सरकडे सरळ एक्सएलआर केबल नेता येते. त्या जोडणीजवळ ग्राउंड लिफ्टचे बटण आहे. मोठ्या रंगमंचावर अ‍ॅम्पचा प्लग आणि मिक्सरचा प्लग वेगवेगळ्या ठिकाणी लागले की ग्राउंडच्या वळशातून जी गुंय सुरू होते, ती या एका बटणाने थांबते. ते माहीत नसल्यामुळे मी पूर्वी एका कार्यक्रमाआधी अर्धा तास केबली बदलत बसले होते.

नावातल्या ५०० विषयी स्पष्ट लिहायला हवे, कारण घेणाऱ्याची अपेक्षा त्यावर ठरते. आतल्या दोन स्पीकरांचा एकत्रित रोध ८ ओहम आहे आणि एवढ्यावर अ‍ॅम्प ३५० वॅट देतो. मागे आणखी एक ८ ओहमची पेटी जोडली की दोन्हींचा समांतर रोध ४ ओहम होतो आणि मग पूर्ण ५०० वॅट मिळतात. हे कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेले आहे, लपवलेले नाही, आणि वर केलेल्या हिशेबाप्रमाणे ३५० ते ५०० हा फरक दीड डेसिबलचा आहे. जोडलेल्या पेटीचा खरा लाभ वेगळाच असतो : हवा हलवणारे कोन दुप्पट होतात, आणि कानात पडतो तो फरक त्याचा. जोडणारी केबल मात्र स्पीकरचीच हवी. गिटारची केबल दिसायला तशीच असली तरी तिची आतली तार बारीक असते आणि एवढा विद्युतप्रवाह वाहून नेण्यासाठी ती बनवलेलीच नसते. चार ओहमच्या खाली जाईल अशी पेटी जोडणे म्हणजे अ‍ॅम्पच्या ताकदीच्या भागावर घाला घालणे.

मर्यादा दिसली ती पाच तारांच्या बेसवर. मित्राची बेस आणून खालची बी तार छेडली, तेव्हा हलक्या आवाजात ती नीट ओळखू आली, पण तालमीच्या पूर्ण आवाजात पोटात जाणवावे असे वजन तिला नव्हते. स्वर कळतो, कारण ६२ आणि ९३ हर्ट्झच्या पटी येतात. ३१ हर्ट्झचे मूळ कंपन या आकाराच्या पेटीतून त्या जोराने निघावे ही अपेक्षाच हॉफमनच्या नियमाविरुद्ध आहे. बेसचा नॉब पूर्ण फिरवून ती कमतरता भरून काढायचा प्रयत्न मी करून पाहिला. त्याने स्पीकरचा ताण तेवढा वाढला आणि बाकीच्या चार तारा फुगल्या. नॉब परत मागे आणला आणि लो-मिड थोडा वाढवला, तर बी तारही अधिक जवळची वाटू लागली. जी पाच तारांचीच बेस वाजवते आणि मोठ्या जागी वाजवते, तिने पहिल्या दिवसापासून दुसऱ्या पेटीचा विचार करावा.

आता अ‍ॅम्प येऊन तीन महिने झाले. तालमीच्या खोलीत तो जमिनीवरून थोडा उंच, एका लाकडी खोक्यावर, भिंतीपासून हातभर पुढे आणि किंचित मागे कललेला ठेवते, म्हणजे त्याचे तोंड माझ्या गुडघ्यांऐवजी कानांकडे राहते. जमिनीवर ठेवला की खर्ज वाढल्यासारखा वाटतो आणि मी नकळत आवाज कमी करते, मग बाकीच्यांना मी ऐकू येत नाही. नॉब जवळपास सगळे मधोमध, लो-मिड एक खूण पुढे, बेस एक खूण मागे, कॉन्टूर बंद. गेल्या आठवड्यात त्याच गाण्याचे ध्वनिमुद्रण पुन्हा केले. ड्रमवादकाने ते ऐकताना मध्येच थांबवले, थोडे मागे नेले आणि म्हणाला, "इथे तू जी ऐवजी जी शार्प वाजवला आहेस."

वाजवला होता.